आकाशगंगा बघायला थेट हानलेला जावं का?

तुम्ही जुळे सोलापुरात राहता. गच्चीवरून मोजके तारे सोडले तर काही दिसत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीला आकाशगंगा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे. म्हणून मेच्या सुट्टीत लडाखमधल्या हानलेला जायचं तुमच्या मनात आहे. सोबत सदुसष्ट वर्षांचे वडील येणार, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हानले योग्य की दुसरं काही, आणि निघण्याआधी दुर्बीण विकत घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

शाळेच्या मुलांना आणि कुटुंबांना घेऊन सोलापुरातून अंधाऱ्या आकाशाखाली जायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यावरून एक गोष्ट आधीच सांगते. तुम्ही ठिकाण ठरवलंत आणि महिना शाळेच्या सुट्टीवर सोडलात. आकाशदर्शनात क्रम उलटा असतो. आधी रात्र ठरवायची, मग त्या रात्री आकाशाचा कोणता भाग बघायचा ते, आणि ठिकाण सगळ्यात शेवटी. रात्र चुकली तर हजारो रुपये घालून गाठलेलं हानलेही मुलीला आकाशगंगा दाखवणार नाही. रात्र साधली तर सोलापूर जिल्ह्यातलंच एखादं रान ती दाखवील.

रात्र ठरवायला घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि रोज त्याला सरासरी पन्नासेक मिनिटं उशीर होत जातो. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तर गावागणिक छापलेलीच असते. तिथून पुढचे दिवस मोजत गेलं की चंद्र कधी त्रास देणार हे कुणालाही काढता येतं. लांबच्या प्रवासासाठी मी वद्य दशमी ते शुद्ध तृतीया एवढाच पट्टा धरते. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून लोक पौर्णिमेच्या आठवड्यात लडाखला जातात आणि मग तिथेही धुरकट आकाश बघून परततात. उंचावरची हवा कितीही स्वच्छ असली तरी पूर्ण चंद्राचा उजेड तिथेही आकाशभर पसरतोच.

सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असंही नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो. सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर असल्यानं आपल्याकडे याला साधारण सव्वा तास लागतो. हानले पावणेतेहतीस अंशांवर आहे. तिथे जूनमध्ये जवळजवळ पावणेदोन तास जातात, आणि मग पूर्ण अंधाराची रात्र उरते सव्वासहा तासांची. डिसेंबरात आपल्या सोलापुरात तीच दहा तासांहून मोठी असते.

आता मे महिन्याकडे बघू. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास आकाशगंगेचा पट्टा क्षितिजाच्या कडेकडेनं पसरलेला असतो, डोक्यावर नसतोच. माणसं ज्या भागाचे फोटो बघून वेडी होतात तो भाग म्हणजे आकाशगंगेचं केंद्र, धनू आणि वृश्चिक राशींच्या बाजूचं. ते त्या दिवसांत दक्षिणेला सगळ्यात उंच येतं रात्री दोनच्या पुढे. म्हणजे विमानप्रवास, मग लेहहून दिवसभराचा रस्ता, विरळ हवा, गोठवणारी थंडी, आणि एवढं सोसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला रात्री एकनंतर उठवायचं. काही मुलं उठतात. बहुतेक मुलं ब्लँकेटमध्ये डोळे मिटून "दिसलं, दिसलं" म्हणतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

अक्षांशाची गोष्ट याहून मोठी आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. हानलेहून ध्रुवतारा उंच दिसतो, पण दक्षिणेचं आकाश तितकंच खाली जातं. आकाशगंगेचं केंद्र सोलापुरातून क्षितिजापासून कमाल ४३ अंशांपर्यंत चढतं, हानलेहून २८. अगस्तीचा तारा आपल्याकडे साडेएकोणीस अंशांवर येतो, हानलेहून जेमतेम साडेचार, म्हणजे समोर डोंगर असला की संपलंच. ओमेगा सेंटॉरी हा नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा. अंधाऱ्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांना धूसर ताऱ्यासारखा दिसतो. आपल्याकडे तो जवळपास २५ अंश चढतो, तिथे दहासुद्धा नाही. दक्षिणेच्या आकाशातल्या त्रिशंकू या तारकासमूहाचा सगळ्यात तेजस्वी तारा आपल्या क्षितिजावर नऊ अंश वर येतो आणि हानलेत कधीच उगवत नाही. मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा सूर्याचा सगळ्यात जवळचा तेजस्वी शेजारी, त्याचंही तेच. सोलापूरकराला हे आकाश जन्मजात मिळालेलं आहे, आणि ते सोडून आधी उत्तरेला धावू नये असं मला मनापासून वाटतं.

याचा अर्थ हानलेला जाऊ नये असा मुळीच नाही. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथे ४,५०० मीटर उंचीवर आहे, दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीसकट. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्याभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा भाग अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र (डार्क स्काय रिझर्व्ह) म्हणून जाहीर झाला. गावातल्या तरुण-तरुणींना आकाश दाखवण्याचं शिक्षण मिळालंय, त्यांच्याकडे दुर्बिणी आहेत, आणि रात्री घरांचे पडदे ओढण्यापासून गाड्यांचे दिवे मंद ठेवण्यापर्यंत गावानं हे मनावर घेतलंय. तिथला अंधार आपल्याकडे मिळणार नाही. फक्त ते आकाश वाचता येण्याइतकी ओळख आधी व्हायला हवी. तिथे तारे इतके दिसतात की नवख्याला मृग आणि सप्तर्षीसुद्धा गर्दीत सापडत नाहीत, आणि पहिली रात्र चाचपडण्यातच जाते.

वडिलांबद्दल स्पष्ट बोलते. लेह ३,५०० मीटरवर आहे, हानले गाव त्याहूनही वर, ४,३०० मीटरच्या आसपास. लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग मधल्या उंचीवर एखादा मुक्काम, आणि मगच हानले. हा नियम धडधाकट माणसालाही आहे. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या माणसानं जावं की नाही हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, ट्रॅव्हल एजंटनं नाही आणि मीही नाही. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर त्या रात्री तारे बाजूला ठेवून खाली उतरायचं, हे घरातल्या सगळ्यांनी निघण्याआधी मान्य केलेलं असावं.

उंचीचा डोळ्यांवरही परिणाम होतो. अंधारात बघणाऱ्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो आणि तो कमी पडला की रात्रीची नजर आधी मंदावते. अमेरिकेत वैमानिकांना रात्री सुमारे १,५०० मीटरच्या वरच प्राणवायू वापरण्याची शिफारस केली जाते, ती याचसाठी. म्हणून हानलेत पोहोचल्या रात्री दमलेल्या, श्वास लागलेल्या माणसाला आकाश जितकं दिसायला हवं तितकं दिसत नाही. तिथे एकच मुक्काम ठेवू नका. तीन रात्री धरा, त्यात एखादी ढगात गेली तरी दोन हाती राहतात.

मग सोलापूरच्या आसपास कुठे? इथे एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापं करून तो मांडला. शहरापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याचा आकाशात चढलेला उजेड निम्मा होत नाही, साडेपाच पटींहून जास्त कमी होतो. म्हणून वीस किलोमीटरवर थांबणं आणि चाळीसवर थांबणं यात फार फरक आहे. चाळीसचे ऐंशी केले की पुन्हा तेवढीच घट होते, पण तोवर शहराचा उजेड आधीच एवढा कमी झालेला असतो की तो फरक तितका जाणवत नाही. बहुतेक कुटुंबांसाठी पन्नास-साठ किलोमीटरचा टप्पा मला पुरेसा वाटतो.

अंतराइतकीच दिशा महत्त्वाची. आपल्याला दक्षिणेचं आकाश हवंय, म्हणजे शहर आपल्या पाठीशी, उत्तरेला राहिलं पाहिजे. तुळजापूरकडचे डोंगर बघायला सुंदर, पण तिथून दक्षिणेला तोंड केलं की समोर सोलापूरचाच उजेड. दक्षिण सोलापूर तालुक्यात औष्णिक वीजकेंद्र रात्रभर झळाळत असतं, त्यामुळे विजापूर रस्त्याला जरा आतल्या अंगानं जावं लागतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य लोकांना हमखास सुचतं. ते शहराच्या अगदी जवळ, वर वन्यजीवांसाठी राखलेला माळ. तिथे रात्री जाण्याचा विचारही करू नका. उजनीच्या पाणलोटाचं आकाश मला आवडतं, पण डिसेंबर-जानेवारीत तिथे दव आणि धुकं इतकं पडतं की भिंगं तासाभरात ओली होतात, आणि आजूबाजूच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असतो.

माझी पसंती मंगळवेढ्याच्या दक्षिणेला आहे, हुलजंतीच्या बाजूची सपाट काळी रानं. हे मालदांडी ज्वारीचं कोठार. मैलोन् मैल झाड नाही, टेकडी नाही, म्हणजे नऊ अंशांवरचा त्रिशंकू बघायला जसं उघडं क्षितिज लागतं तसंच. सोलापूर ईशान्येला राहतं, पंढरपूर वायव्येला, आणि दक्षिण-नैऋत्येला जतकडचा विरळ वस्तीचा भाग. दिवाळीत मात्र हुलजंतीला महालिंगरायाची मोठी यात्रा असते, ते दिवस टाळा.

इंटरनेटवरच्या प्रकाशप्रदूषणाच्या नकाशांवर पूर्ण विसंबू नका. ज्या उपग्रहाच्या नोंदींवरून ते बनतात, त्याचा संवेदक निळा प्रकाश जवळपास टिपतच नाही, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आले की नकाशावर गाव पहिल्यापेक्षा अंधारं दिसू शकतं आणि प्रत्यक्षात जास्त उजळलेलं असतं. शिवाय एका वस्तीवरचा एक फोकस कुठल्याच नकाशात नसतो, आणि तो समोर असला की रात्र वाया जाते. म्हणून जागा आधी दिवसा बघून या, मग एकदा अंधारात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा जोखायला सोपी खूण म्हणजे पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ. तो नुसत्या डोळ्यांना धुक्याच्या ठिपक्यासारखा सहज दिसला तर जागा चांगली. संध्याप्रकाश संपल्यावर पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसला, तर फारच उत्तम. तो ग्रहांच्या कक्षांमधल्या धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश असतो.

जागा मिळाली की शेतमालकाला विचारायचं, आणि गावच्या पोलीस पाटलांना कोण, किती जण, कुठल्या गाडीनं, किती वाजेपर्यंत हे सांगून ठेवायचं. ही औपचारिकता नाही. रात्री अनोळखी गाडी दिवे बंद करून रानात उभी दिसली की चोर आल्याची हाकाटी होते, आणि गावकऱ्यांचं त्यात काहीच चुकत नाही. तारे दाखवायचा हिरवा लेझर तर सांगितल्याशिवाय काढूच नका, आणि विमानाच्या दिशेनं कधीच नको. पिकाला पाणी द्यायला शेतकरी अनेकदा रात्रीच येतात, कारण शेतीची वीज तेव्हा असते. त्यांना बोलवा, दाखवा. मुलीला नक्षत्रांची जुनी नावं त्यांच्याकडूनच जास्त ऐकायला मिळतील.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. सतरंजी टाकून जमिनीवर झोपून आकाश बघणं फोटोत छान दिसतं, मी मात्र कुणालाही तसं करू देत नाही. खाटा किंवा खुर्च्या, पायात बूट, आणि कडब्याच्या गंजीपासून लांब. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या दवाखान्यात मिळतं हे दिवसाउजेडीच विचारून ठेवायचं. पाऊस होऊन गेला असेल तर गाडी काळ्या रानात घालू नका, डांबरी कडेलाच ठेवा. आणि साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात पहाटे परतणं टाळा. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. उजाडेपर्यंत थांबून निघालेलं बरं.

आता रात्र कोणती? माझं उत्तर महाशिवरात्र. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे अमावास्येच्या आदली रात्र, चंद्र उगवतो तो पहाट होता होता. हवा कोरडी, थंडी सोसवेल अशी, उन्हाळ्याची धूळ अजून चढलेली नसते, आणि जागरणाची सवय घरात आधीपासूनच. त्या एका रात्री जवळपास सगळं आकाश डोळ्यांसमोरून जातं. संध्याकाळी मृग, व्याध आणि दक्षिणेला अगस्ती, त्यांच्यामधून जाणारा हिवाळी आकाशगंगेचा फिकट पट्टा. दोन-तीनच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू आणि त्याच्या वर डावीकडे ओमेगा सेंटॉरी. मग पाचच्या आसपास आग्नेयेला वृश्चिक-धनूमधलं आकाशगंगेचं केंद्र तीसेक अंश वर. मुलीला मध्ये खाटेवर चार तास झोपू द्या आणि साडेचारला उठवा. झोप झालेलं मूल पहाटे उत्साहानं बघतं.

तिला अजिबात जागवायचं नसेल तर ऑक्टोबर. पावसानं हवा धुतलेली असते आणि महिन्याच्या मध्याला साडेसात-पावणेआठला आकाशगंगेचं केंद्र नैऋत्येला पंचवीस अंशांवर असतं, जेवणाच्या वेळेच्या आतच. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असल्यामुळे दिवाळीची सुट्टी नेहमी अंधाऱ्या रात्रींच्या आसपास पडते. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर भाऊबीज उरकून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी शहर आणि फटाक्यांचा धूर मागे टाकून, हुलजंतीची यात्रा संपल्याची खात्री करून निघावं. नोव्हेंबरच्या मध्यात आली तर केंद्र आठच्या सुमारास मावळून जातं.

मुलीला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. फोटोतली गुलाबी-निळी आकाशगंगा डोळ्यांना दिसत नाही. कमी उजेडात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत, त्यामुळे दिसतो तो राखाडी-पांढरा पट्टा, मध्ये काळ्या धुळीच्या भेगा असलेला. हे आधी माहीत असलेली मुलं त्या भेगा शोधतात. माहीत नसलेली हिरमुसतात. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा बघितला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दोन पदरी लावा, गाडीच्या आतला दिवा बंद ठेवा, आणि धूसर वस्तू सरळ न बघता जरा बाजूला नजर ठेवून बघायला शिकवा. हे घराच्या गच्चीवरही शिकता येतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर पहिली फेरी मंगळवेढ्याच्या बाजूला, महाशिवरात्रीला किंवा ऑक्टोबरच्या अमावास्येच्या आसपास, वडिलांसह. अशा दोन-तीन रात्री झाल्या, मुलीला दहा-बारा नक्षत्रं न विचारता ओळखता येऊ लागली, की हानले. तेही मेपेक्षा सप्टेंबरच्या शेवटी, कारण तेव्हा केंद्र तिथेही संध्याकाळीच दिसतं. शाळेचे चारेक दिवस बुडतील, त्याची तयारी ठेवा. परवान्याचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी लेहच्या प्रशासनाकडून तपासून घ्या.

वडिलांना उंची झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर महाराष्ट्रातच पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून. नागपूरपर्यंत रात्रीचा प्रवास आणि पुढे दोनेक तास. जंगल असल्यानं सगळं वनखात्याच्या वेळेत आणि त्यांच्या माणसांसोबत, मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. कच्छचं रण सपाट क्षितिजासाठी अप्रतिम आहे, पण तिथली गर्दी आणि तंबूंचे दर पौर्णिमेभोवती फिरतात. तुम्ही अमावास्येचं आरक्षण मागा.

दुर्बिणीबद्दल माझं मत ठाम आहे. आत्ता घेऊ नका. स्वस्त स्टँडवरची दुर्बीण वाऱ्यात हलते, खराब रस्त्यावरून नेली की आरसे जागचे हलतात, आणि बाप दुर्बीण जुळवत बसतो तोवर मूल कंटाळतं. त्याऐवजी १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची, दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशझोत पाच मिलिमीटरचा असतो, आणि उतारवयात बाहुली अंधारातही साधारण तेवढीच उघडते, त्यामुळे वडिलांनाही तिचा पूर्ण उपयोग होईल. कृत्तिका, देवयानीतली दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी), ओमेगा सेंटॉरी, धनूमधले तेजोमेघ एवढं सगळं तिच्यातून दिसतं. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून बघा, चित्र हलणार नाही. हानलेला नेताना ती आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, आणि थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात म्हणून रात्री ती जॅकेटच्या आतल्या खिशात असू द्या.